कॉलेज फुटबॉलच्या क्रमवारीत एसईसी या संघांच्या गटाला झुकतं माप मिळतं का?

टॅलाहासीची आई:
इथे अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल नेमाने बघणारं कोणी आहे का? लेक फ्लोरिडा स्टेटला गेल्यापासून आमचा शनिवार याच खेळाचा. २०२३ चा निर्णय मला अजून पटलेला नाही. आमच्या संघाने १३ पैकी १३ सामने जिंकले, एसीसी या आमच्या कॉन्फरन्सचं (संघांच्या गटाचं) विजेतेपद मिळवलं, तरी राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये जागा नाही. एक सामना हरलेली एसईसीची अलाबामा मात्र आत! कारण दिलं आमचा क्वार्टरबॅक (चाली चालवणारा, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसच्या दुखापतीचं. अहो, पण हा क्वार्टरबॅक नसतानाही मुलांनी फ्लोरिडाला त्यांच्या मैदानावर २४-१५ हरवलं, लुईव्हिलला १६-६. हंगामाच्या सुरुवातीला एलएसयूला (लुईझियाना स्टेटला) तर ४५-२४. फ्लोरिडा आणि एलएसयू दोघेही एसईसीतलेच ना? मग टीव्हीवर ‘एसीसी कच्ची’ हे पालुपद कशाच्या जोरावर चालतं?

कोलंबसकर:
ताई, प्लेऑफची निवड टीव्हीवाले किंवा पत्रकार करत नाहीत, १३ जणांची समिती करते. महत्त्वाचा खेळाडू नसेल तर ते विचारात घ्यायची मुभा त्यांना नियमातच आहे. पण एसईसीची हवा त्याच्या कितीतरी आधी तयार होते. ऑगस्टमध्ये, एकही सामना झालेला नसताना, एपी या वृत्तसंस्थेच्या मतदानात क्रीडा पत्रकार पहिले २५ संघ ठरवून टाकतात. त्यात एसईसीचे संघ भरपूर. पुढे ते आपसात खेळतात. जिंकला तर ‘तगड्या संघाला हरवलं’, हरला तर ‘हरला, पण तगड्या संघाकडून’. काहीही झालं तरी भाव कॉन्फरन्सचाच वाढतो. बाहेरच्या तुल्यबळ संघांशी सामने इतके कमी, की हा भाव खरा की खोटा हे कळायला मार्गच नाही.

टीव्हीवरच्या ईएसपीएन या क्रीडावाहिनीचं म्हणाल, तर एसईसी नेटवर्क त्यांचं आणि प्लेऑफच्या प्रक्षेपणाचे हक्कही त्यांचेच. माल ज्याचा, तराजूही त्याच्याच हातात. अर्थात २०१९ पासून एसीसी नेटवर्कही तेच चालवतात, त्यामुळे सगळं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. आमच्याकडे फॉक्स वाहिनीवर आमच्या बिग टेन कॉन्फरन्सचं कौतुक असंच चालतं.

अथेन्स (जॉर्जिया):
२००६ ते २०१२ सलग सात राष्ट्रीय विजेतेपदं एसईसीची आहेत. ती काय पत्रकारांनी मिळवून दिली? आणि त्याच २०२३ च्या हंगामाअखेरच्या ऑरेंज बोल सामन्यात एसईसीच्या जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ हरवलं, ते विसरू नका.

टॅलाहासीची आई:
विसरले नाही. प्लेऑफ हुकल्यावर आमचे बरेच मुख्य खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नाहीत. डिसेंबरच्या शेवटी झालेल्या सामन्यावरून डिसेंबरच्या सुरुवातीचा निर्णय बरोबर कसा ठरवता?

कोलंबसकर:
त्या सातांतलं २०११ चं विजेतेपद बघा. अंतिम सामना अलाबामा आणि एलएसयू या एसईसीच्याच दोन संघांत लावला, बाहेरच्या ओक्लाहोमा स्टेटला संधीच दिली नाही. म्हणजे विजेता एसईसीचाच, हे आधीच ठरलेलं. २०१७ मध्ये यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा) हा एसईसीबाहेरचा संघ एकही सामना न हरता प्लेऑफबाहेर राहिला. एसईसीच्या ऑबर्नने नोव्हेंबरात जॉर्जिया आणि अलाबामा दोघांनाही हरवलं होतं, आणि त्याच ऑबर्नला यूसीएफने पीच बोल सामन्यात ३४-२७ हरवलं. राष्ट्रीय अंतिम सामना मात्र जॉर्जिया आणि अलाबामा यांच्यातच झाला.

२०२४ पासून प्लेऑफ १२ संघांचा झालाय आणि पाच कॉन्फरन्स विजेत्यांना हक्काची जागा मिळते, हे चांगलं झालं. उरलेल्या सात जागांसाठी मात्र समितीची क्रमवारीच चालते. एपीने पहिली यादी ऑक्टोबरात काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे.