ओएलईडी नसेल तर भंगार? काहीही काय!

काळाकभिन्न (धागाकर्ता):
काल एका बिचाऱ्याने विचारलं, एकच मॉनिटर घ्यायचाय, गेमही खेळायचेत आणि रात्री सिनेमेही बघायचेत, काय घेऊ. पहिलंच उत्तर काय, तर "ओएलईडी घे, २४० हर्ट्झ घे, बाकी सगळं भंगार". (ओएलईडी म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो तो पडदा, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते.) आणि त्यावर ढीगभर अंगठे. तिकडे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी तीन वर्षं ३२ इंची व्हीए वापरतोय, १४४०पी (म्हणजे १४४० ओळींचा), १४४ हर्ट्झ, म्हणजे मीही भंगारवालाच. व्हीए आणि आयपीएस हे मागे दिवा असलेल्या एलसीडी पॅनलचे, म्हणजे पडद्याचे, दोन प्रकार. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढरं काळ्याच्या किती पट उजळ) १०००:१ च्या आसपास असतो, व्हीएचा ३०००:१ आणि चांगल्या पॅनलचा त्याच्याही वर. कागदावर हे नुसते आकडे वाटतात पण खोलीतला दिवा मालवून रात्रीचा सीन लावा, आयपीएसवर काळोख म्हणजे धुरकट राखाडी आणि कोपऱ्यातून उजेड झिरपत असतो. ओएलईडीवर काळं आणखी काळं मिळतं हे मान्यच, तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः विझतो. पण ज्याच्या त्याच स्क्रीनवर दिवसाचे आठ तास एक्सेल उघडी असते त्याने काय करायचं? टास्कबारचा कायमचा डाग उमटू नये म्हणून तो लपवत बसायचा?

एचडीआर ४०० चं स्टिकर (उजेड-अंधार जास्त खुलून दिसेल असा दावा) ही तर शुद्ध धूळफेक. लोकल डिमिंग, म्हणजे पडद्यामागचा दिवा भागाभागाने मंद करणं, नसलं तरी ते मिळतं. मग माझ्या टॉर्चवरही चिकटवा. आणि हर्ट्झ! ६० आणि १४४ मधला फरक मला आजवर दिसलेला नाही, शपथेवर सांगतो. चष्म्याचा नंबरही तपासून झालाय.

फ्रेमवेडा:
फरक दिसत नाही म्हणून फरक नाही, असं कसं हो? ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर बसते, १४४ ला ६.९. नेमबाजीच्या गेममध्ये समोरचा भिंतीआडून डोकावतो तेव्हा हेच लागतं. आणि तुमच्या लाडक्या व्हीएबद्दल एक गोष्ट तुम्ही सोयीस्कर गिळलीत. गडद रंगावरून गडद रंगावर जाताना बहुतेक व्हीए पॅनल मंद पडतात, गुहेत धावा, भिंतीचं काजळ मागे ओघळत येतं. मी वर्षभर सहन केलं आणि विकून टाकला. वर ३२ इंचावर १४४०पी म्हणजे २४ इंची फुल एचडीएवढीच घनता, इंचाला ९२-९३ पिक्सेल. मोठा केला आणि भरडही केला.

काळाकभिन्न:
काजळ ओघळतं हे खरं आहे, लिहायचं राहिलं. पण मी गुहेत धावत नाही. मी शेती करतो, गेममध्ये. गायी इतक्या वेगात पळत नाहीत.

निशाचरी:
माझ्याकडे ओएलईडी आहे त्यामुळे दोन्ही बाजूंना शिव्या घालायचा हक्क मला आहे 😄 सिनेमाला तोड नाही. अंधाऱ्या सीनमध्ये मेणबत्ती पेटते तेव्हा फक्त मेणबत्तीच दिसते. पण दीड वर्षात उजव्या कोपऱ्यात गेममधल्या नकाशाचा गोल कायमचा उमटलाय, पांढऱ्या पानावर लख्ख दिसतो. तक्रार केली तर कंपनीचा माणूस विचारतो रात्री मेन स्विच बंद करता का. करतेच ना, लहानपणापासूनची शिस्त! तर म्हणे स्टँडबायमध्ये असताना स्क्रीन स्वतःची साफसफाई करते, पिक्सेल रिफ्रेश की काय ते, आणि मी रोज तिची वीजच तोडत होते. हे बॉक्सवर ठळक लिहायला काय जातं यांचं? पत्रकात अकराव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात होतं.

भरलापडदा:
तुम्ही पॅनल पॅनल करताय, पण खरा वैताग कोणी बोलतच नाही. एवढा मोठा मॉनिटर घ्यायचा आणि सिनेमा लावला की वर खाली काळ्या पट्ट्या! पैसे पूर्ण स्क्रीनचे दिलेत ना? मी सरळ झूम करतो, पडदा भरतो, विषय संपला.

एकवीसनऊ:
झूम??? अहो २.३९:१ चा (उंचीच्या २.३९ पट रुंद) सिनेमा १६:९ वर, म्हणजे नेहमीच्या मॉनिटरवर, भरला की रुंदीचा चौथा हिस्सा कापला जातो. दोन माणसं फ्रेमच्या दोन टोकांना उभी असतील तर तुम्ही दोघांचे कान बघत बसणार. कॅमेरामनने महिनोन्महिने मेहनत घ्यायची आणि तुम्ही घरी कात्री चालवायची.

भरलापडदा:
कान तर कान. गोष्ट कळते मला. तुमचं ते लांबुळकं ३४ इंची आहे ना, त्यावर मालिका लावली की बाजूला पट्ट्या येतात त्याचं काय?

एकवीसनऊ:
येतात. रुंदीच्या ३४४० पिक्सेलमधले २५६० वापरले जातात, दोन्हीकडे ४४०-४४० रिकामे. पण सिनेमा काठोकाठ बसतो. तुमच्या १४४० ओळींच्या १६:९ वर तोच सिनेमा जेमतेम १०७० ओळींत मावतो हेही सांगा की लोकांना.

निशाचरी:
काठोकाठ? डिस्कवरून बघत असाल तर. माझ्या भावाकडे असंच लांबुळकं अल्ट्रावाइड आहे, स्ट्रीमिंगवर बऱ्याचदा पट्ट्या व्हिडिओतच भाजलेल्या येतात, मग वर खाली पट्ट्या, डावीउजवीकडे पट्ट्या आणि मधोमध पोस्टाचं तिकीट. त्याने ब्राउझरला कुठलंसं एक्स्टेंशन लावलंय, म्हणजे तोही शेवटी झूमच करतो 🙂

एकवीसनऊ:
ते झूम वेगळं. त्यात फक्त काळं कापलं जातं, चित्र नाही.

भरलापडदा:
वा! तुम्ही केलं की तंत्र, आम्ही केलं की पाप.

एकवीसनऊ:
ज्याला फ्रेम म्हणजे काय हेच कळत नाही त्याच्याशी काय बोलायचं. तुम्ही लग्नाचा ग्रुप फोटोसुद्धा चौकोनी कापून लावत असाल.

भरलापडदा:
लावलाय. सासरेबुवा कापले गेले, कोणाची तक्रार नाही.

फ्रेमवेडा:
😂 असो, मूळ मुद्द्यावर या. सिनेमावाल्यांना हर्ट्झ नको असं कोणी समजू नका. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. ६० ला २४ ने भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा असं लंगडत दाखवावं लागतं, कॅमेरा हळू सरकत असला की बारीक झटके बसतात. १२० ला पाचदा, १४४ ला सहादा, २४० ला दहादा, सगळं समान. काळाकभिन्न, तुम्हाला हे झटके दिसतात का?

काळाकभिन्न:
दिसतात तर! मी आजवर सिनेमाच तसा असतो समजत होतो.

फ्रेमवेडा:
थांबा. तुमचा १४४ चा आहे ना? डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झ, किती दाखवतोय ते बघा. आत्ता.

मूळप्रश्नवाला:
नमस्कार, काल विचारणारा मीच. पट्ट्यांचं समजलं, सासऱ्यांचंही समजलं. मग घेऊ काय?

निशाचरी:
आधी सांगा खोलीत दिवसा उजेड किती, ग्राफिक्स कार्ड कुठलं, आणि त्याच स्क्रीनवर कामही करणार का. फोरकेचा मोह कार्ड बघून करा, १४४०पीच्या सव्वादोन पट पिक्सेल ढकलावे लागतात. उन्हाची खिडकी समोर असेल तर क्यूडी-ओएलईडीचं (ओएलईडीचाच एक प्रकार) ते सुप्रसिद्ध काळं करडं-जांभळट दिसायला लागतं आणि अक्षरांच्या कडेला रंगीत झालर असते ती वेगळीच. दिवसभर टायपिंग असेल तर चांगला आयपीएस घ्या आणि मॉनिटरच्या मागे मंद दिवा लावा. फक्त रात्री, फक्त मजा, तर ओएलईडी. आणि मेन स्विचला हात लावू नका!!

काळाकभिन्न:
बघितलं. ६० होता. तीन वर्षं. बदलला, आता माउसचा बाण जरा... बरा पळतोय. एवढंच म्हणेन. यावर कोणी हसलं तर धागा उडवायला सांगेन.

फ्रेमवेडा:
हसत नाही. (हसतोय.) बदल्यात एक कबुली देतो, माझ्या आयपीएसवर रात्रीचे सीन खरंच राखाडी दिसतात, मी ब्राइटनेस पाडून स्वतःची समजूत घालतो.

काळाकभिन्न:
भरलापडदा, एक विचारू? तुमचा पॅनल आयपीएस आहे का? कारण माझ्याकडे दिवा बंद केला की पट्ट्या जवळपास विरघळतात, कुठे संपतात कळत नाही. तुमच्या पट्ट्या चमकत असतील म्हणून एवढ्या खुपतात.

भरलापडदा:
हो, आयपीएसच. आत्ता दिवा बंद करून बघितलं, राखाडी आहेत आणि डाव्या कोपऱ्यात तर चक्क पहाट झालीय. ठीक आहे, मुद्दा बरोबर. झूम मात्र करणार.

एकवीसनऊ:
कान बघा मग.