मदत हवी आहे: हेवी मेटलच्या चाहत्यांवरचे माहितीपट सुचवा (सासूबाईही बघणार आहेत)

नमस्कार मंडळी,

लेक अकरावीत आहे आणि गेलं वर्षभर घरात मेटल, म्हणजे ते ढणढणाटी रॉक संगीत, वाजतंय. दादरची दोन खोल्यांची जागा, कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पोरं यात एवढी का रमतात हे बघायचं होतं. म्हणून त्याच्याच सांगण्यावरून सॅम डनचा 'मेटल: अ हेडबँगर्स जर्नी' (२००५) पाहिला. हा माणूस मानववंशशास्त्र शिकलेला आणि लहानपणापासून मेटलवेडा. चिकित्साही करतो आणि जर्मनीत वाकनच्या महोत्सवात गर्दीत घुसतोही.

त्यात मेटल गायक रॉनी जेम्स डिओ सांगतो, की मेटलवाले तर्जनी-करंगळी वर करतात ती खूण त्याने इटालियन आजीकडून उचलली. दृष्ट लागू नये म्हणून ती तशी बोटं करायची. सासूबाई टीव्हीकडे पाठ करून वाती वळत होत्या. मी हे मराठीत सांगितल्यावर वळल्याच. "म्हणजे मीठ-मोहऱ्याच की!" तेव्हापासून नातवाच्या टी-शर्टावरच्या कवटीबद्दल अवाक्षर नाही. (वाळत मात्र उलटा करून घालतात. गॅलरीतून लोक बघतात ना.)

पुढे मेटालिका बँडवरचा 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' (२००४) लावला. समुपदेशक मध्ये बसवून सव्वादोन तास बँडवाल्यांची भांडणं. ती आम्हाला चाळ कमिटीच्या सभेत फुकट मिळतात.

तर ऐकणाऱ्यांवरचं काही आहे का? नॉर्वेतल्या काही मेटलवाल्यांनी केलेली चर्चची जाळपोळ पहिल्यातच येऊन गेली, ती पुन्हा नको.

प्रतिसाद

ताई, डनचाच 'ग्लोबल मेटल' (२००८) बघा. ब्राझील, जपान, इंडोनेशिया, इराणची पोरं आहेत, आपली मुंबईही आहे. मग 'फ्लाइट ६६६' (२००९). आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत बँडला जगभर नेतो. त्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात झाला होता. मी होतो तिथे, पडद्यावर स्वतःला शोधून डोळे दुखले. आमची पिढी त्याआधी धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' या रॉक महोत्सवाला घाम गाळायची, त्यावर मात्र कुणी धड काही काढायला हवं होतं.

निव्वळ चाहते हवेत तर 'हेवी मेटल पार्किंग लॉट' (१९८६). जुडास प्रीस्ट या बँडच्या कार्यक्रमाआधी पार्किंगमध्ये जमलेली पोरं, बस, वीस मिनिटांच्या आत खेळ खलास. पण दारू आणि शिव्या भरपूर, सासूबाई देवळात गेल्यावर लावा. त्यांच्यासाठी 'अ‍ॅन्व्हिल' (२००८). पन्नाशीतले दोन दोस्त, बँड कधी मोठा झाला नाही. गायक शाळांना जेवण पोचवायची नोकरी करतो, तरी वाजवणं सोडत नाही.

मूळ लेखिका

आभार, दादा! रविवारी 'अ‍ॅन्व्हिल'. सासूबाईंना रडायला आवडतं, आणि त्या दिवशी वाती वळायच्या नसतात.