पहिल्या कम्युनियनची तयारी चर्चमध्ये की घरी? (टोपणनावांनी चाललेली चर्चा)

सात रस्ता

सोलापुरातल्या आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक कॅथलिक समाजात, सध्या एक विचार चाललाय. रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, वर्ग भरतो, तो पहिल्या कम्युनियनच्या (मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकरी घेण्याच्या संस्काराच्या) मुलांपुरता थांबवायचा आणि तयारी आई-वडिलांकडे सोपवायची. पालकांनी महिन्यातून एकदा फादरांकडे बसायचं, पुढचा भाग समजून घ्यायचा आणि घरी मुलाला शिकवायचा. बऱ्याच जणांना हे पटलेलं नाही. मला मात्र पटलंय.

मी या वर्गावर शिकवतो. मुलं हुशार आहेत. मागच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका मुलीने दहा आज्ञा एका दमात, एकही चूक न करता म्हणून दाखवल्या. मी तिला विचारलं, रात्री घरी प्रार्थना कोण सुरू करतं? ती म्हणाली, "प्रार्थना टीचर सुरू करतात ना." तिच्या लेखी प्रार्थना म्हणजे वर्गात करायची गोष्ट. पाठांतर झालं की कम्युनियन, पांढरा फ्रॉक, फोटो, जेवण. पुढच्या रविवारपासून निम्मी मुलं दिसत नाहीत.

हे काही फादरांच्या डोक्यातून निघालेलं नाही. १९८३ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, ९१४ वं कलम वाचा. मुलाची कम्युनियनची तयारी करून घेणं हे आधी आई-वडिलांचं कर्तव्य, त्यांच्यासोबत पॅरिशच्या फादरांचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) तर १९६४ मध्येच कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं आणि आई-वडिलांना मुलांचे पहिले उपदेशक. आपण ते काम आठवड्यातल्या पाऊण तासावर ढकलून मोकळे झालोय.

पूर्व भाग

सर, तुमची तळमळ कळते. पण तुम्ही ज्या घराबद्दल बोलताय ते माझं घर नाही.

माझे मिस्टर हिंदू आहेत. बिशपांची परवानगी घेऊन रीतसर चर्चमध्ये लग्न झालंय. मुलांचा बाप्तिस्मा आणि कॅथलिक संस्कार यासाठी जमेल ते सगळं करीन, हे वचन मी दिलंय. कॅनन कायद्याप्रमाणे ते वचन कॅथलिक जोडीदारानेच द्यायचं असतं, दुसऱ्याला फक्त त्याची कल्पना द्यायची. मिस्टर कधी आडवे आले नाहीत, उलट पावसात स्कूटरवरून सोडायला येतात. पण एकत्र कुटुंब आहे. संध्याकाळी सासूबाई दिवा लावतात तेव्हा मुलगी त्यांच्याशेजारी बसते, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. माझी प्रार्थना रात्री खोलीत, दार लोटून, हळू आवाजात. मुलगी त्यात असते. पण तिला वाटतं हे फक्त आईचं काहीतरी आहे.

रविवारच्या वर्गात मात्र ती दहा-बारा मुलांमध्ये बसते आणि तिला कळतं की असे आपण पुष्कळ आहोत. शाळेत तिच्या वर्गात ती एकटी कॅथलिक आहे, आमच्या गल्लीत तर प्रश्नच नाही. वर्ग बंद झाला तर तिला दुसरं कॅथलिक मूल भेटणार कुठे?

दोन पाळ्या

माझाही विरोध, पण कारण साधं आहे. वेळ नाही.

मी टॉवेलच्या कारखान्यात, बायको दवाखान्यात नर्स. आठवड्याआड तिची रात्रपाळी. आम्ही दोघं जागे आणि मुलं समोर, अशी वेळ रविवारी सकाळीच. त्यातही नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि ते नेमकं रविवारी आलं की एकाला घरी थांबावं लागतं. अशात "घरी शिकवा" म्हणणं सोपं आहे. मला स्वतःला चर्चचे सात संस्कार सांगता येतात, पण "येशू भाकरीत कसा असतो?" असं लेकाने विचारलं तर मी काय सांगू? टीचर ते नीट सांगतात. डॉक्टरचं काम डॉक्टरने करावं.

बाराव्या पायस पोपांनी १९५५ मध्ये १ मे हा कामगार संत योसेफाचा सण ठरवला. म्हणजे कामगाराचं घर कसं चालतं हे चर्चला ठाऊक आहे. तेच पॅरिशमध्येही लक्षात ठेवावं, इतकंच म्हणणं.

सात रस्ता

@दोन पाळ्या, भाऊ, लेकाने हा प्रश्न तुम्हालाच विचारावा असं मला वाटतं. मी वर्गात उत्तर दिलं की तो ऐकतो आणि वही मिटतो. तुम्ही म्हणालात, "मलाही पूर्ण समजत नाही, पण मी त्याच्यासाठी दर रविवारी येतो," तर ते त्याच्या आयुष्यभर लक्षात राहील. १९१० मध्ये दहाव्या पायस पोपांनी कम्युनियनचं वय साधारण सातवर आणलं, तेव्हा मुलाला सगळं धर्मशास्त्र कळावं अशी अट ठेवली नाही. ही साधी भाकरी नाही एवढा फरक मुलाला कळावा आणि त्याच्या वयाला शोभेल अशी भक्ती असावी, बस. एवढं कोणताही बाप देऊ शकतो.

@पूर्व भाग, तुमच्या बोलण्यावर मला विचार करावा लागेल.

होटगी रोडची आजी

तुम्ही सगळे आई-वडील आई-वडील करताय. आमच्याकडे मुलगा-सून पुण्यात नोकरीला, नातू माझ्याजवळ. त्याला क्रूसाची खूण करायला मी शिकवलं. ऑक्टोबरात रोज रोझरी (माळेची प्रार्थना) होते, शेवटच्या दहा मण्यांपर्यंत तो पेंगतो, तरी "नमो मारिया"चा दुसरा अर्धा भाग बरोबर म्हणतो. पोप फ्रान्सिसनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी ठेवलाय, आपल्याकडे त्या दिवशी फुलं देतात. फुलं नकोत. काम द्या. ज्या घरात आई-बापाला वेळ नाही त्या घरची दोन मुलं माझ्याकडे पाठवा, मी बसते त्यांना घेऊन.

आणि एक बोलू? पालक पालक म्हणतात तेव्हा शेवटी ते काम आईच्याच गळ्यात पडतं. महिन्याच्या त्या बैठकीला किती बाप येतील ते बघा.

हुतात्माने जा-ये

मी पुण्यात असतो, शनिवार-रविवार सोलापुरात. माझा या प्रस्तावाला पूर्ण विरोध आहे.

वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी चौथीत. घरात रोज भांडण, पैशाचं. आई मिस्सेला पाठवायची पण स्वतः येत नव्हती, लोक काय विचारतील म्हणून. त्या वर्षी घरी कोणी मला काही शिकवण्याच्या परिस्थितीत नव्हतं. एका सिस्टरांनी (नन) आणि एका टीचरने माझी पहिली कम्युनियन करून घेतली, पांढरा शर्टसुद्धा टीचरने शिवून आणला. तेव्हा हा नियम असता तर माझं काय झालं असतं? ज्या घराला आधार हवा, नेमकी त्याच घराची मुलं यातून गळतील. ज्यांच्याकडे रोज प्रार्थना होते त्यांना वर्ग असला काय, नसला काय.

कुटुंबाला बळ द्यायचंच असेल तर सुरुवात चुकीच्या टोकाला होतेय. लग्नाआधी कोर्स असतो. मग मुलाच्या बाप्तिस्म्याला एक बैठक. त्यानंतर मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत पॅरिश त्या जोडप्याकडे बघतही नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत जोडप्याला सोबत हवी, हे पोप फ्रान्सिसनी कुटुंबावरच्या २०१६ च्या पत्रात सविस्तर लिहिलंय. भांडणं, कर्ज, सासर-माहेर, सगळं त्याच काळात असतं. तेव्हा कोणी घरी आलं नाही आणि आठव्या वर्षी एकदम "आता तुम्हीच शिकवा" म्हटलं, तर तो आई-बापाला परीक्षेला बसवल्यासारखा प्रकार झाला.

सात रस्ता

जोडप्यांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य, आणि ते फादरांपुढे मांडायलाच हवं. पण वर्ग आहे तसा चालू ठेवण्याला माझा अजूनही विरोध आहे. "सिस्टर बघतील" ही सवय त्या वर्गानेच लावली. तुमच्या वेळी सिस्टर होत्या. आज दोन-तीन टीचर आहेत, त्यांचीही लग्नं होतील, पुण्याला जातील.

मी एवढं बदलायला तयार आहे: वर्ग राहू दे, पण पालक फाटकापाशी गाडीवर बसलेले नकोत. आई, बाप, आजी, कोणीतरी एक मुलाशेजारी बाकावर. जे मुलाला शिकवू तेच मोठ्यांच्या कानावर पडेल, आणि घरी जाताना दोघांत बोलायला विषय असेल.

होटगी रोडची आजी

हे चालेल. बाक मात्र वाढवा.

पूर्व भाग

मी येईन बाकावर बसायला. मिस्टरांनाही विचारीन, ते कदाचित मागे बसतील. पण घरी पाहुणे आले, सासूबाई आजारी पडल्या, असं काही झालं की मला निघता येत नाही. तेव्हा मुलगी शेजारच्या रिक्षावाल्या काकांबरोबर एकटी येते. त्या रविवारी तिला वर्गात बसू देणार की दारातून परत पाठवणार, ते नियम करण्याआधी सांगा.