जगबुडीच्या गोष्टी धर्मांना लागतातच कशाला?

तापीकाठचा:
गावात भागवत सप्ताह चालू आहे, काल बारावा स्कंध झाला, कलियुगात आयुष्य घटेल, राजे लुटारू होतील, मग कल्की येईल वगैरे. मांडवातल्या म्हाताऱ्या माना हलवताहेत तेवढ्यात दानपेटी फिरली. बरं हे आपल्यातच नाही, ख्रिश्चनांत शेवटचा न्याय, मुसलमानांत कयामत. आजोबा सांगायचे, फेब्रुवारी १९६२ ला अष्टग्रही आली, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले, तेव्हा जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ झाले, तूप जाळलं, आणि सकाळी दूधवाला नेहमीसारखाच आला. माझं मत सरळ आहे, भीती दाखवा आणि धंदा चालवा.

चाळीसगावकर:
भो, घाबरवायचंच असतं तर तारीख जवळची नसती का दिली? कलियुग ४,३२,००० वर्षांचं, त्यातली ५,१०० च्या थोडी वर गेलीत. आमच्या पाटणशी नाव जोडलेले भास्कराचार्य तर ४३२ कोटी वर्षांचा कल्प धरून ग्रहांची गणितं करायचे. इतक्या लांबच्या प्रलयाला कोण भिणार? जैनांत तर शेवटच नाही, उतार संपला की चढ, चाक फिरतंच राहतं.

तापीकाठचा:
प्रलय लांब असेल हो, पण 'घोर कली आलाय' हे सुनेला रोज ऐकवायला तर जवळचाच आहे.

रावेरची लेक:
😄 हे खरं. पण मला यात भीतीपेक्षा हिशोब दिसतो. बायबलातलं प्रकटीकरण हे शेवटचं पुस्तक रोमन सत्तेखाली दबलेल्या लोकांसाठी लिहिलेलं, त्यातली बुडणारी बाबिलोन म्हणजे रोमच असं बहुतेक अभ्यासक मानतात. ज्याला इथं न्याय मिळत नाही तो वरची तारीख मागतो. आमच्या केळीचे पैसे बुडवून एक व्यापारी पळाला तेव्हा आई एवढंच म्हणाली, वर हिशोब होईल त्याचा.

वांग्याचं भरीत:
ताई तेच तर दुखणं आहे, वर हिशोब होणार म्हणून खाली कोणी तक्रार करत नाही.

रावेरची लेक:
तक्रार केलीये हो दादा, तिसरं वर्ष चालू आहे. आईचं वाक्य त्या तीन वर्षांसाठी आहे.

भुसावळ जंक्शन:
दोन्ही होतं. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मप्रचारकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला येशू येणार असं धरलं, काहींनी शेतातलं पीकच काढलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तर रडत बसले. उलट आमच्या शेजारचे चाचा एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगतात, कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असलं, तर जमत असेल तर ते लावून टाका. सीएमव्ही या केळीवरच्या विषाणू रोगामुळे अर्धा बाग उपटावा लागला तेव्हा चाचा हेच म्हणत परत लावत होते, आणि मी आपला विम्याच्या मागे.

तापीकाठचा:
चाचांचं पटलं. दानपेटी अजूनही नाही पटली. उद्या काला आहे, जातोय पण, वरणबट्टी आणि वांग्याची भाजी आहे.