मदत हवी आहे: लायमन ब्रेकवरून काढलेली रेडशिफ्ट जास्त येते

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जेम्स वेब दुर्बिणीने शोधलेल्या जेडीस-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेचा वर्णपट अभ्यासतो आहे. महास्फोटानंतर जेमतेम ३० कोटी वर्षांनी निघालेला प्रकाश आहे हा! सार्वजनिक संग्रहातला निअरस्पेक प्रिझमचा (वेबच्या वर्णपटमापकाचा कमी रिझोल्यूशनचा, म्हणजे कमी बारकाव्याचा प्रकार) तयार वर्णपट घेतला आणि लायमन ब्रेकवरून (हायड्रोजनने शोषल्यामुळे प्रकाश जिथे एकदम तुटतो ती जागा) रेडशिफ्ट (तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप) काढली. ती १४.३५ येते. चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणीला ऑक्सिजनची ८८ मायक्रॉनची रेषा सापडली, तिच्यावरून मात्र १४.१८. म्हणजे ब्रेक १.८४५ मायक्रॉनला हवा, माझा १.८६६ ला बसतो.

तरंगलांबी निर्वातातलीच आहे, हे तपासलं. मॉडेल प्रिझमच्या रिझोल्यूशनइतकं पसरवलं, ब्रेकपलीकडचा उतार मोकळा सोडला, खराब पिक्सेल वगळून पाहिले. फरक तसाच राहतो. या दीर्घिकेच्या शोधकर्त्यांच्या पहिल्या मोजणीतही ब्रेकवरून १४.३२ आली होती, त्यामुळे दोष फक्त माझ्या कोडचा नसावा.

माझा संशय उदासीन (आयनीभवन न झालेल्या) हायड्रोजनवर आहे. तो ब्रेकची कड बोथट करून लांब तरंगलांबीकडे सरकवतो. मी पायथन वापरतो, लॅपटॉप ८ जीबीचा आहे, त्यामुळे जड सिम्युलेशन शक्य नाही.

अशा वेळी रेडशिफ्ट १४.१८ वर पक्की करून फक्त हायड्रोजनची कॉलम डेन्सिटी (दृष्टिरेषेत दर एकक क्षेत्रामागे असलेले अणू) काढावी, की दोन्ही मोकळ्या ठेवाव्यात? आणि दीर्घिकेतला हायड्रोजन व बाहेरच्या अवकाशातला हायड्रोजन यांचा परिणाम प्रिझमच्या इतक्या कमी रिझोल्यूशनमध्ये वेगळा करता येतो का?