दुकान बंद होतंय. उरलेला कोरा माल (लेडीज वेअर + कॉस्मेटिक्स) कुठे द्यावा?

मोगरी:
नमस्कार मंडळी. माझ्या जाऊबाईंचं नाशिकरोडला लेडीज वेअर आणि कॉस्मेटिक्सचं दुकान आहे, ते आता बंद करतायत. सेल लावून झाला, जायचं ते गेलं. लॉटवाला बघून गेला. त्याचा भाव ऐकून जाऊबाई म्हणाल्या, त्यापेक्षा वाटून टाकेन.
उरलंय ते असं: कुर्त्या आणि लेगिंग (एकतर डबल एक्सएल नाहीतर अगदी बारकी), परकर, गाऊन, ब्रा-निकरची खोकी. कॉस्मेटिक्समध्ये साबण, शाम्पू, टाल्कम, क्रीम, नेलपॉलिश, लिपस्टिक, टिकल्यांची पाकिटं. सगळं कोरं. खात्रीची संस्था सुचवा. फोटो, सत्कार, नारळ काही नको.

रानवारा:
गूंज. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केली, २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. मुंबईतही काम चालतं. मला पटतं ते त्यांचं वाटपाचं सूत्र. गावाने मिळून विहीर खणायची, रस्ता नीट करायचा, तळ्यातला गाळ काढायचा आणि त्याचा मोबदला म्हणून कपड्यांचं-सामानाचं किट घ्यायचं. काम कुठलं ते गावच ठरवतं. घेणाऱ्याला मिंधं वाटत नाही. जुन्या सुती कपड्यांचे ते पाळीसाठी पॅडही बनवतात.
वेबसाइटवर जवळचं केंद्र बघून आधी फोन करा. आणि जमलं तर मालासोबत थोडे पैसेही द्या. कपडा फुकट मिळाला तरी छाटणी, गोदाम आणि ट्रकभाडं फुकट नसतं, हे देणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

टवाळ_पोर:
एवढं कशाला? माणुसकीच्या भिंतीवर नेऊन टांगा, तासाभरात साफ.

रानवारा:
साफ होईल, पण कुणाच्या घरी जाईल? भिंत स्वेटर-शर्टाला ठीक आहे. टॅगसकट कोरा माल तिथे ठेवला तर पहिला हात विकणाऱ्याचाच पडणार. आणि चारचौघांत भिंतीवरून ब्रा उचलून घेणारी बाई मी तरी पाहिली नाही.

कृष्णाकाठ:
मोगरीताई, मी सांगलीचा. २०१९ च्या पुरात आमच्या भागात मदतीच्या गाड्यांमागून गाड्या आल्या. लोकांनी मनापासून पाठवलं, त्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण कपड्यांच्या ढिगाऱ्यात काय होतं? लग्नातले शेरवानी, फाटक्या जीन्स, ब्लाउज नसलेल्या साड्या, साडी नसलेले ब्लाउज. शाळेच्या खोलीत ढीग पडून राहिला, नंतर भिजून वास मारायला लागला. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याकडेला असेच ढीग पडले होते आणि ते आवरायचं, निवडायचं काम गूंजनेच अंगावर घेतलं होतं.
आणि बायका आमच्या घरच्यांना कानात काय विचारत होत्या? परकर आहे का, निकर आहे का. पाण्यातून अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर आलेल्या त्या. साडी मिळाली, पण आत घालायला काही नाही. आतले कपडे जुने कोणी देत नाही, देऊही नयेत. ते कोरेच लागतात आणि कोरे फक्त दुकानदाराकडे असतात. त्यामुळे ज्या खोक्यांची तुम्हाला लाज वाटत असेल तीच तुमच्या मालातली सगळ्यात मोलाची आहेत. कुर्त्या देणारे पन्नास भेटतील.
साइजप्रमाणे गठ्ठे बांधा, वर जाड मार्करने साइज आणि नग लिहा. मिक्स लॉट पाठवलात तर समोरच्याचे दोन दिवस निवडण्यातच जातात.

मोगरी:
हे डोक्यातच आलं नव्हतं. जाऊबाई ती खोकी शेवटी ठेवणार होत्या, "कोणाला सांगायचं" म्हणून. आता आधी तीच.

ताळेबंद:
थोडं रुक्ष बोलतो, व्यवसायच तसा आहे. जीएसटी नोंदणी नियमित असेल आणि खरेदीवर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतलं असेल, तर फुकट दिलेल्या मालावरचं क्रेडिट परत करावं लागतं. जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच): हरवलेला, नष्ट केलेला, भेट दिलेला, सगळा माल त्यात येतो. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या कर योजनेत) असाल तर क्रेडिट घेतलेलंच नसतं, प्रश्न मिटला. नोंदणी रद्द करताना हातातल्या स्टॉकचा हिशोब वेगळा, त्यासाठी जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरायचं असतं. म्हणून आधी देऊन मग नोंदणी रद्द करायची की उलट, हे तुमच्या सीएला विचारून ठरवा. संस्थेकडून वस्तू मिळाल्याचं पत्र घ्या, नगांसकट.
आणि ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची पावती मागू नका. वस्तूरूपी देणगीला ती वजावट नाही, फक्त पैशाला आहे.

टवाळ_पोर:
बाकी सगळं पटलं. पण लिपस्टिक, नेलपॉलिश? ज्यांना दोन वेळचं जेवायला नाही त्यांना?

थेम्सकाठची_माई:
अरे बाळा, हा प्रश्न इथेही विचारतात. मी लंडनला असते. २०१८ मध्ये सॅली ह्यूझ ही सौंदर्यविषयक लेखिका आणि जो जोन्स या दोघींनी ब्यूटी बँक्स सुरू केलं. फूड बँकेसारखंच, फक्त साबण, शाम्पू, टूथपेस्ट, डिओडरंट, पॅड यांचं. न उघडलेल्याच वस्तू घेतात. कारण साधं आहे: पैसे कमी पडले की माणूस आधी अन्न घेतो, साबण राहतो. आणि केस न धुता मुलाखतीला कसं जायचं?
कंपन्यांचा उरलेला माल संस्थांपर्यंत नेणारी इन काइंड डायरेक्ट ही संस्था तर १९९६ पासून आहे, आताचे राजे चार्ल्स तेव्हा युवराज होते, त्यांनी सुरू केलेली. एरवी मोठे ब्रँड काय करतात ठाऊक आहे ना? बर्बेरीने एका वर्षात २.८६ कोटी पौंडांचा माल नष्ट केल्याचं २०१८ मध्ये बाहेर आलं, त्यात अत्तरंही होती. ओरड झाल्यावर ते बंद केलं. फ्रान्सने तर २०२० मध्ये कायदाच केला, न विकलेल्या वस्तू जाळायच्या-पुरायच्या नाहीत म्हणून. तुझ्या जाऊबाई, मोगरी, बर्बेरीपेक्षा शहाण्या!
लिपस्टिकचं म्हणशील तर, जिला नको ती घेणार नाही. तिच्या वतीने आपण का नाही म्हणायचं?

सुईदोरा:
माईंना अनुमोदन. मी महिलांच्या निवाऱ्यात काम करते. मार खाऊन रात्री घर सोडून आलेली मुलगी चौथ्या दिवशी टिकली मागते. तेव्हा आम्हाला कळतं, सावरायला लागली.
मोगरी, सगळं लांब पाठवू नका. तुमच्या जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर गाठा. केंद्राची योजना आहे, २०१५ पासूनची. हिंसाचारातून आलेल्या बाईला तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं आणि ती बहुधा अंगावरच्या कपड्यांवरच आलेली असते. गाऊन, निकर, साबण, कंगवा एवढं एका पिशवीत भरून दिलंत तर त्यांना तशीच हातात देता येते. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, किती पिशव्या हव्यात ते सांगतील. तेवढ्याच द्या, त्यांच्याकडेही जागा नसते. मुलींच्या बालगृहात द्यायचं असेल तर अधीक्षकांना विचारून. तुम्हाला फोटो नकोच आहेत, पण सोबत येणाऱ्या उत्साही नातेवाइकांनाही सांगा: बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्या मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे.
कॉस्मेटिक्स बघताना प्रत्येक नगावरची तारीख बघा. तीन-चार महिने तरी शिल्लक हवेत, वाटपातच महिना जातो. टेस्टर आणि सील तुटलेलं सरळ कचऱ्यात. गोरेपणाची क्रीम असतील तर तीही, हे माझं वैयक्तिक मत.

ताळेबंद:
कचऱ्यात टाकलेल्याचंही क्रेडिट परत करावं लागतं बरं का. :)

टवाळ_पोर:
लिपस्टिकचं मागे घेतो. निवडानिवडीला माणूस हवा असेल तर मी देवळालीला राहतो, रविवारी मोकळा. टेम्पोवाला मित्रही आहे, डिझेलचे पैसे दिलेत की येतो.

मोगरी:
टवाळ, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करते, डिझेल आणि मिसळ माझ्याकडून.
असं ठरतंय: सखी केंद्राला उद्या फोन, तिथल्या पिशव्या आधी. उरलेला परकर-गाऊन आणि आतल्या कपड्यांचा मोठा गठ्ठा गूंजला विचारून. सीएंना जाऊबाई आजच फोन लावतायत. क्रीमच्या तारखा बघायला घेतल्या, एक अख्खं खोकं बाद निघालं. सुईदोरा, एक विचारायचं राहिलं: तुमच्याकडे डबल एक्सएलच्या कुर्त्या चालतात का, की तिथेही त्या पडूनच राहतात?

सुईदोरा:
धावतात! मोठ्या मापाचं आम्हाला कोणी देतच नाही. बारक्या मापाच्या थोड्या कमी पाठवा, आणि लेगिंगऐवजी सलवार असतील तर त्या आधी.