ॲसिड पोटात गेल्यावर तोंडातून दुर्बीण (एंडोस्कोपी) घालायची की नाही?

विडी घरकुल:
होटगी रोड नावाने लिहिणाऱ्यांची कालची पोस्ट वाचून डोकं तापलं. म्हणे, "ॲसिड पिलेल्याला दुर्बीण घालणं म्हणजे बिल फुगवणं. तोंडात भाजलं नसेल तर उलटी काढा, दूध पाजा, घरी न्या." दादा, मी दुर्बीण विभागात सिस्टर आहे. जिभेवर फोडही नाही आणि आत जठर काळं पडलंय, असे पेशंट टेबलावर बघितलेत. संडासचं ॲसिड पातळ असतं, सर्रकन उतरतं आणि जठराच्या खालच्या टोकाला साचतं. कॉस्टिक सोडा तर मांस विरघळवत खोल जातो. उलटी काढली की भाजलेली अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते, फुफ्फुसात गेलं तर आणखी हाल. दूध पाजलं तर दुर्बिणीत गुठळ्या दिसतात, जखम दिसत नाही.

दुर्बीण पहिल्या २४ तासांत, फार तर ४८. साधारण पाचव्या दिवसापासून पंधरवडाभर भिंत इतकी मऊ असते की दुर्बिणीनेच भोक पडायची भीती. "आठ दिवस बघू" म्हणणाऱ्यांचा म्हणूनच राग येतो. आत बघून किती भाजलंय त्याची ग्रेड ठरते. चंडीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेतल्या डॉ. झरगर यांची १९९१ची ग्रेडिंग आजही चालते. १ किंवा २अ असेल तर पातळ खाणं लवकर सुरू. २ब किंवा ३ असेल तर नळी आकसायची दाट शक्यता.

होटगी रोड:
ताई, माझ्या मेव्हण्याला ॲडमिट करायच्या आधी दुर्बिणीचे पैसे भरायला लावले. आत काय निघालं? काही नाही! माग चालवणाऱ्याने कुठून आणायचे पैसे? तुम्ही दवाखान्याचीच बाजू घेणार.

विडी घरकुल:
काही नाही निघालं म्हणूनच त्यांना लगेच खायला देता आलं ना? पैसे आधी मागितले हे चूकच. पण त्याचा राग दुर्बिणीवर काढू नका.

सात रस्ता:
सर्जन आहे, थोडं वेगळं सांगतो. मोठ्या माणसाने भरपूर पिलं असेल तर आधी कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन), पिल्यावर ३ ते ६ तासांनी. २०१९च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये तेच आहे. दुर्बीण फक्त आतलं अस्तर दाखवते. भिंत आरपार मेली का, ते सीटीत जास्त नीट कळतं. नुसत्या दुर्बिणीवर विसंबून वाचण्यासारखी अन्ननलिका काढली गेल्याचे प्रकार आहेत.

विडी घरकुल:
मोठ्यांचं मान्य करते सर, नाइलाजाने. लहान लेकराला लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, तेव्हा दुर्बीणच ना?

सात रस्ता:
लहान मुलांत दुर्बीणच. त्यात वाद नाही.

कुंभार वेस:
दुर्बीण-सीटी राहू द्या, बाटलीचं बोला! सायकलवर सुटं ॲसिड विकतात, पाण्याच्या जुन्या बाटलीत, चिठ्ठीसुद्धा नाही. २०१३ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, रजिस्टर ठेवा, ओळखपत्र बघा, अठराच्या आतल्याला देऊ नका. आमच्या गल्लीत कुणी बघतं का?

अक्कलकोट रोड:
आणि कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांकडून कॉस्टिक सोडा घरी नेणारे कामगार? तेही बाटलीतच नेतात.

एमआयडीसी:
काय बे, सगळं आमच्यावरच ढकलणार का? आमच्याकडे सोडा पोत्यात येतो, पोत्यावर धोक्याची खूण असते. घरी चोरून नेला तर मालक काय करणार?

अक्कलकोट रोड:
चोरून? तोंड सांभाळून बोला. माझ्या पुतण्याने असंच सोडा विरघळवलेलं पाणी पिलं, तीन वर्षांचा होता. भाऊ तुमच्यासारख्याच एका युनिटात कामाला, धुण्यासाठी घेऊन जा म्हणून सुपरवायझरनेच दिलेलं. आता पोराची अन्ननलिका आकसलीय, ती रुंद करायला सारखं भूल देऊन न्यावं लागतं. घरात सगळे कडक भाकरी आणि शेंगा चटणी खातात. वहिनी त्याच्यासाठी भाकरी दुधात भिजवते, बोटांनी गर करते, तरी एखादा कण अडकला की पोरगं छाती धरून बसतं. या आणि बघा घरी, मग चोरी म्हणा.

एमआयडीसी:
चोरी हा शब्द मागे घेतो. पण सुपरवायझरने दिला म्हणून सगळे मालक दोषी होत नाहीत.

कुंभार वेस:
दोषी नाही, पण कुलूप लावा आणि गेटवर तपासा. तेवढं तरी कराल?

एमआयडीसी:
कुलूप आहे. गेटचं बोलतो मॅनेजरशी.

होटगी रोड:
उलटी आणि दुधाचं पोस्टमधून काढलंय. बिलाचं काढणार नाही.

विडी घरकुल:
बिलाचं राहू द्या. त्या जागी एवढं लिहा: पेशंटसोबत बाटलीही आणा, आणि ती धुऊ नका.